पीटरच्या घराच्या रंगवलेल्या विटा

सेंट पीटर्सबर्गला आम्ही चार दिवस होतो. एक अख्खा दिवस हर्मिताज या महालातल्या संग्रहालयात पुढच्या माणसांच्या पाठी बघण्यात गेला, एक पीटरहॉफ महालाच्या कारंज्यांत. पाय दुखले, एवढंच नीट आठवतंय. तिसऱ्या दिवशी टूरवाल्यांनी 'शॉपिंगसाठी मोकळा वेळ' दिला, म्हणजे त्यांच्या ठरलेल्या दुकानात दोन तास सोडून दिलं. पाचव्या मिनिटाला ह्यांचं तोंड वाकडं झालं आणि आम्ही कुणाला न सांगता सटकलो. साठीत शाळा बुडवल्याचा आनंद काही औरच!

नेवा नदीच्या पलीकडच्या काठावर, झाडांच्या आड एक लाल, बसकी वास्तू आहे. रशियाचा झार पीटर द ग्रेट याचं या शहरातलं पहिलं घर, १७०३ सालचं.

"अगं, तू तर लाकडी म्हणाली होतीस. हे चक्क वीटकाम आहे," हे म्हणाले. ह्यांची सगळी नोकरी बांधकामावर गेली, त्यामुळे परदेशातही भिंत दिसली की आधी हात लावून बघतात.

आत गेल्यावर उलगडा झाला. बाहेरची वास्तू नुसता खोका, मूळ घर जपण्यासाठी १८४० च्या दशकात बांधलेला. खरं घर त्याच्या पोटात, पाइनच्या ओंडक्यांचं. सैनिकांनी तीन दिवसांत उभं केलेलं. आणि त्या ओंडक्यांवर चक्क विटा रंगवलेल्या!

हे वाकून बघत राहिले. "विटांमधल्या दरजासुद्धा काढल्यात गं पांढऱ्या रंगानं!"

मला आधी हसू आलं. मग त्या भिंतीसमोरून हलवेना. हा माणूस १६९७ मध्ये प्योत्र मिखाइलोव या नावानं हॉलंडला गेला, तिथल्या गोदीत हातानं जहाजाचं काम शिकला. परत आला तो हॉलंडची विटांची घरं डोळ्यांत घेऊनच. इथे दलदल होती, वीट मिळेना, तर लाकडालाच विटेचं सोंग दिलं. बरं, जमीन तरी स्वतःची? तीही स्वीडनकडून नुकती हिसकावलेली. १७१२ मध्ये राजधानी मॉस्कोहून इथे आली, पण स्वीडननं ही जमीन कागदोपत्री सोडली ती १७२१ च्या नीस्टाडच्या तहात. दुसऱ्याच्या जागेवर आधी बंगला आणि मग खरेदीखत! त्याच वर्षी स्वारींनी सम्राट ही पदवीही घेतली.

सोंग खरं करायची किंमत मात्र दुसऱ्यांनी मोजली. १७१४ मध्ये रशियात बाकी सगळीकडे दगडी बांधकामाला बंदी, का तर गवंडी इथे यावेत. शहरात येणाऱ्या प्रत्येक गाडीवानानं तीन दगड आणायचे. शिवाय दरवर्षी हजारो लोक वेठीला धरून आणले, कित्येक या चिखलातच गेले. आदल्या दिवशी मी त्या महालांचे दीडशे फोटो काढले होते, तेव्हा यातलं काही डोक्यात आलं नव्हतं, हे कबूल करते.

घरात शेगडी नाही, धुराडं नाही. तो फक्त उन्हाळ्यात राहायचा. दारं बुटकी, आणि मालक सहा फूट आठ इंच! तिथल्या राखणदार आजी आमचं निरीक्षण करत होत्या. ह्यांनी दाराखालून वाकून जायचा अभिनय केला, तशा त्या खुदकन हसल्या आणि रशियनमध्ये बरंच काही सांगत सुटल्या. आम्ही मराठीत "हो, हो" म्हणत राहिलो. अख्ख्या सहलीत आमच्याशी मनापासून बोललेलं माणूस हे एवढंच.

परतताना एका टपरीवर दाढीच्या कराचं नाणं मिळालं, नक्कल अर्थात. दाढी ठेवायची तर पीटरला कर द्यायचा. बड्या व्यापाऱ्यांना वर्षाला शंभर रूबल, शेतकऱ्याला शहराच्या वेशीवर एक कोपेक. पावती म्हणून हे नाणं. एका बाजूला नाक, मिशा, दाढी आणि वर चक्क 'पैसे घेतले'.

दुकानापाशी पोहोचलो तेव्हा बस आमच्यासाठी पंचवीस मिनिटं खोळंबली होती. टूरवाला भडकला. ह्यांनी आपल्या पांढऱ्या दाढीवरून हात फिरवला आणि शांतपणे खिशातलं नाणं काढून त्याच्यासमोर धरलं.