एक्स अक्षाचा बॅकलॅश सापडला: २२ मिलिमीटरचे पॉकेट अखेर गोल

माझ्या सीएनसी यंत्रावर (संगणकाच्या आज्ञेनुसार कटर फिरवून माल कोरणारे यंत्र) गोल पॉकेट, म्हणजे गोल खोलगट खाच, लंबगोल का येते, हा मागील नोंदीत अडकून पडलेला प्रश्न सुटला आहे. कारण निघाले बॅकलॅश, म्हणजे दिशा उलटताना अक्षाची थोडी हालचाल वाया घालवणारा खेळ. ६०८ बेअरिंगसाठी ॲक्रिलिकमध्ये कोरायचे पॉकेट रेखाटनात २२.०५ मिलिमीटरचे होते. प्रत्यक्षात ते वाय दिशेने २२.०४ भरत होते आणि एक्स दिशेने २१.८३. आता एक्सचे माप २२.०१ आले आहे आणि बेअरिंग अंगठ्याच्या दाबाने नीट आत बसते.

रेखाटनापासून जी-कोडपर्यंतची (यंत्राला समजणाऱ्या आज्ञांपर्यंतची) वाट आता सवयीची झाली आहे. फ्रीकॅड या रेखाटनाच्या सॉफ्टवेअरमध्ये स्केच, मग कॅम वर्कबेंचमध्ये (१.० आवृत्तीपूर्वी याचेच नाव पाथ होते) पॉकेटची कृती आणि शेवटी यंत्र चालवणाऱ्या जीआरबीएल या फर्मवेअरसाठी जी-कोड लिहून देणारा पोस्ट-प्रोसेसर. पहिली फेरी अजूनही कटर मालाच्या वर ठेवून हवेतच फिरवतो आणि नवशिक्यांनी ही सवय कधीही सोडू नये, असे माझे ठाम मत आहे.

पॉकेट लंबगोल आले की पहिला मोह होतो तो $१०० बदलण्याचा, म्हणजे एक्सच्या एका मिलिमीटरला मोटरचे किती स्टेप हे सांगणारी जीआरबीएलची सेटिंग बदलण्याचा. परंतु त्याचे गणित सरळ आहे: मोटरचे २०० स्टेप, १६ मायक्रोस्टेप आणि एका फेऱ्यात अक्षाला ८ मिलिमीटर सरकवणारा लीडस्क्रू (लांब आट्यांचा दांडा), म्हणजे मिलिमीटरला ४०० स्टेप. हा आकडा बदलून २२ चे माप जुळवले असते, तर १०० मिलिमीटरच्या पट्टीत जवळजवळ १ मिलिमीटरची नवी चूक शिरली असती. म्हणून एकाच तुकड्यावर १० आणि ४० मिलिमीटरची पॉकेट आणि त्याच मापांच्या चकत्या कापल्या. स्टेपची चूक असेल तर फरक आकाराच्या प्रमाणात वाढतो. कटरचा व्यास खऱ्यापेक्षा जास्त दिला असेल तर पॉकेट लहान आणि चकती मोठी येते, तीही दोन्ही दिशांनी सारखीच. अक्ष काटकोनात नसतील तर लंबगोल तिरका पडतो. माझ्याकडे मात्र पॉकेट आणि चकत्या, लहान आणि मोठ्या, सगळ्याच फक्त एक्स दिशेने साधारण ०.२ मिलिमीटरने कमी भरल्या. शिवाय पॉकेटच्या डाव्या आणि उजव्या टोकाला, म्हणजे जिथे एक्सची दिशा उलटते तिथे, सुमारे २ मिलिमीटर लांबीचा सपाट भाग नखाला स्पष्ट लागत होता. बॅकलॅशची याहून ठळक खूण नाही.

डायल गेज (बारीक सरक काट्यावर दाखवणारे मापक) स्पिंडलच्या, म्हणजे कटर फिरवणाऱ्या मोटरच्या, माउंटला टेकवून एक्स एकाच दिशेने १ मिलिमीटरच्या टप्प्यांनी सरकवला, तेव्हा प्रत्येक टप्पा अचूक आला. दिशा उलटताच पहिला टप्पा ०.७९ चा भरला. अँटी-बॅकलॅश नटच्या (स्प्रिंगने आट्यांवर दाबून खेळ कमी करणाऱ्या नटच्या) स्प्रिंगचा ताण वाढवल्यावर हरवलेले माप ०.२१ वरून ०.१३ वर आले आणि तिथेच थांबले. आणखी ताण दिला तर मोटर स्टेप चुकवू लागली. इथे कितीतरी वेळ गेला, कारण नट घट्ट असूनही खेळ राहत होता. शेवटी गेजचे टोक थेट लीडस्क्रूच्या मोकळ्या टोकावर ठेवले आणि उत्तर काट्यावरच दिसले: दिशा बदलताना स्क्रू फिरण्याबरोबरच आपल्या अक्षावर मागेपुढे सरकत होता. या यंत्रात एक्सचा स्क्रू लांबीच्या दिशेने धरून ठेवणारे काहीच नव्हते. ते काम मोटर आणि स्क्रू जोडणाऱ्या सर्पिल चिरांच्या लवचिक कपलरवर सोडलेले होते, आणि तो कपलर स्प्रिंगसारखा ताणला-दाबला जातो. वाय अक्षाला कारखान्यातूनच कॉलर (स्क्रूवर आवळून त्याला सरकू न देणाऱ्या कड्या) बसवलेले आहेत, म्हणून तिथे माप बरोबर येत होते.

मोटरकडच्या बेअरिंग ब्लॉकच्या दोन्ही बाजूंना ८ × १६ × ५ मिलिमीटरची थ्रस्ट बेअरिंग (लांबीच्या दिशेचा दाब पेलणारी) आणि त्यांना लागून लॉक कॉलर बसवले. कॉलर हाताने दाबून धरूनच ग्रब स्क्रू आवळावा लागतो. नाहीतर तिथेही केसभर जागा उरते. दिशा उलटल्यावर गेजचा काटा जवळपास लगेच हलला, तो क्षण फार समाधानाचा होता.

हत्यारांविषयी दोन गोष्टी. लहान भोकाचा आतला व्यास डिजिटल व्हर्नियरने मोजताना आकडा किंचित कमी येतो, म्हणून अंतिम निकाल बेअरिंगनेच द्यावा. आणि स्पिंडल बदलण्याआधी डायल गेज घ्यावा. एका विक्रेत्याकडून आलेल्या कटरच्या संचातील काही शँक (कटरचे पकडायचे दांडे) ३.१७५ मिलिमीटरपेक्षा स्पष्ट बारीक निघाले. ते ईआर११ कोलेटमध्ये (स्पिंडलच्या कटर धरणाऱ्या पकडीत) कसेबसे आवळले जातात आणि रनआउट, म्हणजे फिरताना कटरचे केंद्रातून डळमळणे, वाढवतात. चांगला एकधारी कटर मात्र १०,००० आरपीएम आणि मिनिटाला ६०० मिलिमीटर फीडवर, म्हणजे प्रत्येक फेऱ्याला ०.०६ मिलिमीटर, ॲक्रिलिक न वितळवता कोरड्या, सुट्या कपच्या काढतो.

पुढे तिन्ही अक्षांना बॉलस्क्रू (नटात गोळ्या असलेले, कमी खेळाचे स्क्रू) लावण्याचा विचार होता. तो आता मागे ठेवतो. झेडवर स्पिंडलचे वजन स्क्रूला बहुतांशी एकाच बाजूला टेकवून ठेवते, त्यामुळे तिथे घाई नाही. हे लिहिताना मात्र नवीन कल्पना सुचली आहे: खेळ असताना क्लाइम्ब पद्धतीत (कटरची धार फीडच्या दिशेने मालाला ओढते ती) कटर मालात ओढला जातो, म्हणून आजवर उलट्या, कन्व्हेन्शनल पद्धतीनेच कापत आलो. आता कडेला ०.२ मिलिमीटर माल राखून शेवटची फेरी क्लाइम्बने घेऊन पाहतो. भिंतीची चमक सुधारली, तर थ्रस्ट बेअरिंगचे पॉकेट असलेला एक्सचा नवा ब्लॉक याच यंत्रावर ॲल्युमिनियममध्ये कापायचा आहे.