उडी का नाही मारत?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, एरवी हा विषय मी काढत नाही. लग्नाच्या पंगतीत, गणपतीच्या मंडपात, परवा तर दौलतगंजात भाजी घेतानाही तेच: "काका, हेलिकॉप्टरला काही झालं तर पायलट उडी का नाही मारत?"

ग्वाल्हेरकरांनी हे विचारावं यात नवल नाही. महाराजपुऱ्याच्या हवाई तळावरची मिराज लढाऊ विमानं डोक्यावरून जाताना बघतच इथली पोरं मोठी होतात, आणि मिराजमध्ये खुर्चीसकट बाहेर फेकायची सोय असते. आमच्या एमआय-17 हेलिकॉप्टरमध्ये नव्हती. डोक्यावर पाच पात्यांचा पंखा गरगरत असताना माणूस वर फेकणार कुठे? रशियाच्या का-52 हेलिकॉप्टरमध्ये आधी पाती उडतात, मग खुर्च्या. पण त्यात दोघंच असतात. पॅराशूट म्हणाल, तर डोंगराला घासून शे-दीडशे फुटांवरून जाताना ते उघडायच्या आत जमीन येते.

इंजिन बंद पडलं म्हणजे संपलं, असंही नाही बरं का. खालून येणारी हवा पंखा फिरता ठेवते, उतरता येतं. त्याला उंची तरी हवी, नाहीतर वेग तरी. हेलिपॅडवर तरंगताना दोन्ही नसतात. शिवाय डोंगरात शत्रू तुमच्यापेक्षा उंचावर बसलेला. कारगिलच्या युद्धात, 28 मे 1999 ला तोलोलिंगजवळ स्टिंगर क्षेपणास्त्राने आमचं एक एमआय-17 पाडलं, चौघे गेले. चार हेलिकॉप्टरांतल्या नेमक्या त्याच एकावर क्षेपणास्त्राला चकवणारे फ्लेअर नव्हते. त्यानंतर एमआय-17 हल्ल्यांतून काढून घेतली.

हे सगळं सांगून झालं की वर मी एक वाक्य जोडायचो, "आणि सोय असती तरी मागच्यांना सोडून आम्ही गेलो नसतो." लोक गप्प व्हायचे. मला बरं वाटायचं.

मागच्याला सोडून आलेलो मीच.

त्याच उन्हाळ्यात. हेलिपॅड म्हणजे दगड बाजूला करून केलेलं अंगण, पलीकडच्या उतारावर तोफगोळे पडतायत. मी फ्लाइट इंजिनिअर. वजनाचा हिशेब माझा. उंचीवर हवा विरळ, दुपारच्या उन्हात आणखी विरळ. जखमी चढवले, कॅप्टननी उचललं, चाकं हातभर सुटली आणि रोटरचे आर.पी.एम., म्हणजे पंख्याचे फेरे, पडायला लागले. टेकवलं. मी टूलबॉक्स बाहेर टाकला, तेलाचे कॅन टाकले. पुन्हा उचललं, पुन्हा तेच. "सर, एक माणूस," मी इंटरकॉमवर म्हटलं.

बाकीचे स्ट्रेचरवर. बसू शकणारा एकच, गुडघ्याखाली पट्टी, एका बुटाची नाडी सुटलेली. त्याच्या काखेत हात घालून मीच त्याला उतरवला. पंख्याच्या आवाजात तो कानाशी ओरडला, "दूसरा चक्कर?" मी तीन बोटं दाखवली. तीस मिनिटं. त्याला काय कळलं कोण जाणे.

खोऱ्यात ढग उतरले. परत गेलो ते दुसऱ्या दिवशी सकाळी. टूलबॉक्स कुणीतरी नीट कडेला लावून ठेवला होता. तो नव्हता. रात्रीच खाली नेला, म्हणाले. कुठे नेला, कसा होता, हे विचारायला वेळ नव्हता.

वेळ होता. मी विचारलं नाही.

हिशेब बरोबर होता, हे आजही सांगतो. त्याला ठेवला असता तर सगळेच दरीत गेलो असतो. कुठल्याही फ्लाइट इंजिनिअरला विचारा. मग नाव का नाही विचारलं, हे मात्र मला विचारू नका.

26 फेब्रुवारी 2019 ला बालाकोट झालं, आमच्या गल्लीत पेढे वाटले. मीही खाल्ला. दुसऱ्या दिवशी काश्मीरात बडगाममध्ये एमआय-17 पडलं. वायुदलाचे सहा जण आणि खाली जमिनीवरचा एक नागरिक गेला. क्षेपणास्त्र आपलंच होतं, ऑक्टोबरमध्ये वायुदल प्रमुखांनीच चूक कबूल केली. ते पडलं त्या संध्याकाळी शेजारचा पोरगा जिन्यात भेटला: काका, उडी का नाही मारली? मी उंची सांगितली, वेग सांगितला. ते वाक्य तेवढं गिळलं.

गेल्या गणपतीत मात्र पुन्हा निघून गेलं तोंडातून. समोर पंधरा-वीस माणसं होती.