लाईट गेली की बोलणे तुटते

बहिरेपणावरचे चित्र म्हटले की ऐकू येणाऱ्या माणसाच्या डोळ्यांसमोर बहुधा रिकामा कॅनव्हास किंवा अंधारात बसलेली एकटी आकृती येते. त्यामुळे माझी चित्रे पाहायला आलेले लोक थोडे बिचकतात, कारण त्यांत मोकळी जागा फारशी नसते. माणसे, त्यांचे हात, तोंडे आणि दिवे यांचीच दाटी असते. लहानपणी तापानंतर मला ऐकू येईनासे झाले, तेव्हापासून दिवसभर नजर लावून समोरच्याचे बोलणे पकडावे लागते, आणि संध्याकाळपर्यंत डोळे अक्षरशः शिणतात. हा शीण रिकाम्या कॅनव्हासवर कसा दाखवणार?

रत्नागिरीकडे पावसाळ्यात लाईट जाण्याचे कोणालाच नवल नाही. आमच्या घरात मात्र लाईट गेली की माझ्यापुरते बोलणे तिथेच तुटते, कारण ओठही दिसत नाहीत आणि खुणा करणारे हातही. मग आई बॅटरी स्वतःच्या हनुवटीखाली धरते आणि राहिलेले वाक्य पुरे करते. ‘प’, ‘ब’ आणि ‘म’ ओठांवर एरवीही सारखेच दिसतात. खालून आलेल्या उजेडात तर वरच्या ओठाची सावली थेट नाकावर चढते आणि निम्मे शब्द अंदाजानेच जुळवावे लागतात. या प्रसंगाच्या चित्रात मी आईचा चेहरा पिवळा ठेवला, तोंड प्रमाणाबाहेर मोठे केले आणि बाकीचे माजघर गडद निळ्यात बुडवले. ‘तोंड केवढे काढलेस!’ असे ती अजून म्हणते.

असे मोठे करून काढण्याला कलेच्या इतिहासात आधार आहे, हे मला पुष्कळ उशिरा कळले. अमेरिकेत बहिऱ्या विद्यार्थ्यांसाठीच्या गॅलोडेट विद्यापीठात 1989 साली नऊ कलावंतांनी मिळून ‘डेव्हिया’ या नावाने एक जाहीरनामा लिहिला. बहिरेपणाच्या अनुभवातून येणाऱ्या कलेत ठळक रंग, परस्परविरोधी पोत आणि डोळे, तोंड, कान, हात यांच्यावर दिलेला अतिरिक्त भर आढळतो, असे त्यात म्हटले आहे. प्रत्येक बहिऱ्या कलावंताची कला या प्रकारात मोडत नाही, हेही त्यात स्पष्ट केले आहे, आणि मला ते महत्त्वाचे वाटते. आपल्याकडे सतीश गुजराल यांची ओळख करून देताना त्यांचे बहिरेपण आधी सांगितले जाते. पण मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकलेल्या या चित्रकाराची फाळणीची चित्रे शोकाची आहेत, आणि ती तशीच पाहावीत. पुढे स्वतः बहिरा झालेला स्पॅनिश चित्रकार गोया याच्या ‘काळ्या चित्रां’चेही असेच होते. ज्या घराच्या भिंतींवर ती होती, त्याला ‘बहिऱ्याचे घर’ म्हणत खरे, पण ते नाव आधीच्या मालकामुळे पडले होते.

मला जवळची वाटते ती कुडाळजवळच्या पिंगुळीची चित्रकथी. तिथे कथेकरी गात गात एकेक चित्र पुढे करतो. गाणे माझ्यापर्यंत पोहोचत नाही, तरी टपोऱ्या डोळ्यांमुळे कोण कोणाकडे पाहतो आहे हे लगेच उमगते. चारचौघांत बसल्यावर मला सर्वांत आधी हेच शोधावे लागते, कारण जिकडे सगळ्यांच्या नजरा वळतात तिकडे कोणीतरी बोलत असते.

सध्या शिमग्याचे चित्र चालू आहे. पालखी नाचवताना ढोलाचा ठोका मला छातीत आणि तळपायांत लागतो, म्हणून पायांखालच्या भागात जांभ्याची चाळलेली भुकटी रंगात कालवून जाड थर दिला आहे, आणि वरचे चेहरे अगदी गुळगुळीत ठेवले आहेत. ते चित्र हाताने चाचपून पाहायला माझी हरकत नाही. मात्र आमच्याकडच्या दमट हवेत भुकटीचा थर सुटतो, त्यामुळे यंदा डिंकाचे प्रमाण वाढवून पाहते आहे.