अंबड ते शालिमार: दरभंग्याच्या चाचांना दवाखान्यात नेताना

आमच्या गल्लीतले चाचा मूळचे बिहारमधल्या दरभंग्याचे. उभी हयात नाशिकच्या अंबडमध्ये, पत्र्याच्या प्रेस शॉपमध्ये गेली, आता तिथेच वॉचमन. वय ७३, खोली भाड्याची, रेशनकार्ड गावाकडचं. जिना चढताना छाती भरून यायला लागली तरी ‘हम बाहर के आदमी, यहाँ कौन पूछेगा’ म्हणून अंगावर काढत होते. शेवटी मीच घेऊन निघाले.

सिटीलिंकच्या शहर बसने सीबीएस म्हणजे मध्यवर्ती बसस्थानक, पुढे सिव्हिलपर्यंत (सरकारी जिल्हा रुग्णालय) रिक्षा करा; छातीचं दुखणं असलेल्याला चालवत नेऊ नका. राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. केसपेपरला पैसे पडले नाहीत, कुठले राहणारे हेही कुणी विचारलं नाही. ईसीजी काढून डॉक्टरांनी शालिमारच्या संदर्भ सेवा रुग्णालयाची (तज्ज्ञ उपचारांचं सरकारी रुग्णालय) चिठ्ठी दिली.

खरं काम झालं ते आरोग्यमित्राच्या टेबलावर. सरकारी उपचार योजनांचं काम बघणारा हा माणूस योजनेतल्या रुग्णालयांत असतोच, आधी त्यालाच गाठा. राज्याच्या मोफत उपचारांच्या महात्मा फुले योजनेला महाराष्ट्राचं रेशनकार्ड किंवा अधिवासाचा दाखला लागतो. चाचा एकटे असते तर तेवढं ऐकूनच परत फिरले असते. पण आरोग्यमित्राने वय विचारलं आणि केंद्र सरकारच्या आयुष्मान वय वंदना कार्डाचं सांगितलं. सत्तरी ओलांडलेल्यांसाठी ते ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालं. उत्पन्नाची अट नाही, रेशनकार्ड नको, फक्त आधार. कुटुंबातल्या सत्तरीपुढच्यांना मिळून वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार. कार्ड बिहारच्या पत्त्यावरचं असलं तरी इथल्या योजनेतल्या रुग्णालयात चालतं.

अडतं ते आधारपाशी. वय आधारवरचंच धरतात, आणि जुन्या कामगारांच्या जन्मतारखा बऱ्याचदा अंदाजाने टाकलेल्या असतात. ती घरीच बघून घ्या. चाचांचा ओटीपी गेला दरभंग्याला, सुनेच्या फोनवर, आणि ती शेतात! निघण्याआधी तिला सांगून ठेवायला हवं. अंगठ्याचंही तेच. जन्मभर पत्रा हाताळून रेषा झिजलेल्या, मशीन ठसा घेईना. अशा वेळी चेहऱ्यावरून ओळख पटवायला सांगा, तशी सोय आहे.

हे कार्ड भरती होण्यासाठी आहे. रोजच्या गोळ्या त्यात येत नाहीत, त्यामुळे सिव्हिलची औषधखिडकी सोडू नका.

सत्तरीच्या आतल्यांनी धर्मादाय रुग्णालयातल्या समाजसेवकांना भेटावं. वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांच्या आत असेल तर १० टक्के खाटा मोफत, ३ लाख ६० हजारांपर्यंत आणखी १० टक्के सवलतीत. इथलं रेशनकार्ड नसेल तर तहसीलदारांचा दाखला मात्र लागतो, आणि भाडेकरार नसलेल्या माणसाने तो मिळवायचा म्हणजे चपला झिजवणं आलं. आयुष्मानची चौकशी १४५५५ वर, ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७; दोन्हीकडे हिंदीत बोलता येतं.

चाचांना अँजिओग्राफीची तारीख मिळालीय. सोबत थांबणारं माणूस मागतात, एकटं राहणाऱ्यांनी ते आधी ठरवावं. शेजारच्या खोलीतला मुलगा थांबतोय, त्याने सुपरवायझरकडे रजेचा अर्ज टाकलाय.