जड सुरी

१९८४ साली आइसलँडची लोकसंख्या अडीच लाखसुद्धा नव्हती. एवढ्याशा देशात ह्राफ्न गुन्लॉइग्सन या दिग्दर्शकानं व्हायकिंगांवर, म्हणजे हजारेक वर्षांपूर्वीच्या उत्तर युरोपातल्या दर्यावर्दी लुटारूंवर, चित्रपट काढला. ‘ह्राफ्निन फ्लीगुर’, म्हणजे डोमकावळा उडतो. शिंगवाली शिरस्त्राणं नाहीत, चकाकती चिलखतं नाहीत; मळकी लोकर, चिखल आणि काळी वाळू. आयर्लंडमधल्या एका पोराचे आईबाप व्हायकिंग मारतात, बहीण पळवून नेतात. वीसेक वर्षांनी तो आइसलँडला पोचतो आणि त्या टोळीच्या दोन म्होरक्यांना एकमेकांच्या जिवावर उठवतो. जपानी दिग्दर्शक कुरोसावाचे सामुराईपट किंवा इटालियन सर्जिओ लिओनेचे काउबॉयपट पाहिलेल्यांना ही चाल लगेच ओळखू येईल. फक्त इथं पिस्तुलांच्या जागी सुऱ्या, आणि घोडे आइसलँडचे, बुटके नि झुपकेदार आयाळीचे. इतका भयंकर सूड इतक्या गोंडस घोड्यावरून निघालेला मला तरी दुसरीकडे दिसला नाही.

चित्रपटात स्वीडनचाही वाटा होता. तिथला मानाचा गुल्डबाग्गे पुरस्कार दिग्दर्शनासाठी ह्राफ्नना मिळाला. इथवर सगळं रीतसर. मग स्वीडनमधल्या शाळांनी तो मुलांना दाखवायला सुरुवात केली, व्हायकिंग काळ कळावा म्हणून.

मुलांना काय कळलं? ‘थुंगुर ह्नीवुर’. जड सुरी. पडद्यावर एकजण हे म्हणतो, त्यावर उत्तर येतं की ही सुरी जडच असायला हवी. संपलं. आइसलँडी आणि स्वीडिश या सख्ख्या नाही तरी चुलतबहिणी, त्यामुळे ते दोन शब्द स्वीडिश पोरांना ओळखीचे वाटले आणि तेवढेच विचित्रही. वाक्य वर्गातून निघालं ते थेट स्वीडनच्या बोलण्यात जाऊन बसलं. पुढं पुढं ‘तुंगुर क्नीवुर’ असं त्याचं भ्रष्ट रूपही चालू झालं. ती पोरं आता पन्नाशीला टेकली असतील. चित्रपटाचा विषय काढा, कथा विसरलेला माणूसही सुरी विसरलेला नसतो.

दिग्दर्शकाला याचं वाईट वाटावं का? मला नाही वाटत. पुरस्कार परीक्षक देतात. घरी न्यायचं वाक्य प्रेक्षक आपलं आपण निवडतात, आणि बहुधा लेखकानं ज्यावर सगळ्यात कमी घाम गाळला तेच. ह्राफ्ननी १९८८ आणि १९९१ साली आणखी दोन व्हायकिंगपट केले. त्यांतलं एखादं वाक्य असं वर्गाबाहेर पळाल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.