एल्बफिलहार्मोनी : नुसता प्लाझा बघून परत येऊ नका

हॅम्बर्गला मुलाकडे किंवा पुतणीकडे जाणाऱ्या बडोदेकरांचा कार्यक्रम ठरलेला असतो. एल्बफिलहार्मोनी या बंदरावरच्या संगीत सभागृहाच्या प्लाझावर, म्हणजे वरच्या मोकळ्या गच्चीवर, चढायचं, बंदराचे फोटो काढायचे, तिथूनच घरच्या ग्रुपवर टाकायचे आणि खाली उतरायचं. प्लाझा सुरेखच आहे, ३७ मीटर उंचीवर, इमारतीला चारी बाजूंनी प्रदक्षिणा घालता येते. पण ही वास्तू ऐकण्यासाठी बांधली आहे. कार्यक्रमाचं तिकीट काढून आत बसल्याशिवाय तिच्यावर एवढा पैसा का ओतला, ते कळत नाही.

आणि पैसा अक्षरशः ओतलाय. सुरुवातीच्या हिशेबात शहराच्या वाट्याला ७ कोटी ७० लाख युरो येणार होते; शेवटी आकडा ७८ कोटी ९० लाखांवर गेला. २०१० साली उघडायचं सभागृह ११ जानेवारी २०१७ ला उघडलं. मध्यंतरी काम बंदच पडलं होतं. सरकारी कामं रखडायची हौस फक्त आपल्याकडेच आहे असं वाटणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं.

बंदरावर १९६०च्या दशकातलं विटांचं एक गोदाम होतं. कोको, चहा, तंबाखू तिथे उतरायचा. स्वित्झर्लंडच्या हर्झोग आणि द म्यूरॉन या वास्तुकारांनी त्याच्या भिंती तशाच ठेवल्या, आतून ते रिकामं केलं आणि डोक्यावर काचेची इमारत चढवली. छत लाटांसारखं वरखाली जातं, सगळ्यात उंच टोक ११० मीटरवर. लांबून बघत बघत यायचं असेल तर लांडुंग्सब्रुकेनच्या धक्क्यावरून ७२ नंबरची फेरीबोट पकडा, ती थेट पायथ्याशी सोडते. कार्यक्रमाच्या तिकिटातच शहरातल्या बस, मेट्रो, फेरीचं भाडं धरलेलं असतं, वेगळं काढायला जाऊ नका.

वर जायला ८२ मीटर लांबीचा सरकता जिना आहे. तो मध्ये फुगीर असल्यामुळे खाली उभं राहून दुसरं टोक दिसत नाही. अडीचेक मिनिटं तुम्ही नुसते वर जात राहता. ज्यांना गरगरतं त्यांनी सरळ लिफ्ट विचारावी. प्लाझावर मात्र वारा भन्नाट असतो, मे महिन्यातही स्वेटर हवाच.

प्लाझाच्या वर लाकडी जिन्यांचं जाळं आहे. तिकिटावर मजला आणि विभाग दोन्ही लिहिलेले असतात. चुकीच्या जिन्याने चढलात तर पुन्हा उतरून दुसरीकडून चढावं लागतं, आणि गुडघ्यांची तक्रार असलेल्यांना ते महागात पडतं. कार्यक्रम बहुधा रात्री आठचा असतो. पाऊण तास आधी पोहोचा. आपल्याकडच्यासारखं 'पाहुणे आले की सुरू' असं इथे नसतं, आणि उशिरा येणाऱ्याला मधल्या टाळ्यांपर्यंत बाहेर थांबावं लागतं.

आत गेल्यावर पहिली गंमत म्हणजे स्टेज समोर नाही, मधोमध आहे. चारी बाजूंनी, उतारावरच्या मळ्यासारख्या, खुर्च्यांच्या पायऱ्या चढत जातात. मूळ कल्पना बर्लिनच्या १९६३ सालच्या सभागृहाची, इथे ती अधिक उभी केली आहे. माणसं मावतात २१००, पण कुणीही वाद्यवृंदाच्या संचालकापासून (कंडक्टरपासून) ३० मीटरहून लांब नाही.

खुर्चीवर बसायच्या आधी भिंत नीट बघा. जिप्सम-फायबरचे सुमारे १०,००० तुकडे, प्रत्येकावरची नक्षी निराळी, कॉम्प्युटरवर आखून मशिनने कोरलेली. कुठे बोटाचं टोक जेमतेम टेकेल इतका खळगा, कुठे मूठ जाईल इतका खोल. हे शोभेसाठी नाही. सपाट भिंतीवरून आवाज थेट उलटून अंगावर येतो. या खळग्यांवर तो विखुरतो. ध्वनिरचना जपानच्या यासुहिसा टोयोटा यांची. शिवाय अख्खं सभागृह ३६२ स्प्रिंगांच्या संचांवर, बाकीच्या इमारतीपासून सुटं ठेवलंय. खाली बंदरात जहाजांचे भोंगे चालू असतात, आत एकही ऐकू येत नाही.

बडोद्याच्या राजमहालाच्या दरबार हॉलमध्ये कुणी गाणं ऐकलं असेल तर आठवून बघा. तिथे सूर जरा रेंगाळतो, गवयाला सांभाळून घेतो. इथे सांभाळून घेणं नाही. जे वाजलं तेच, तेवढंच, कानाशी येतं. श्रोत्यांचंही तसंच. काचेच्या बांगड्या पर्समध्ये ठेवलेल्या बऱ्या. खोकल्याची गोळी आधीच कागदातून काढून ठेवा, तो चुरचुर आवाज समोरच्या बाजूच्या माणसालाही ऐकू जातो. आणि 'वाहवा' गिळायची. एका सिंफनीचे, म्हणजे वाद्यवृंदासाठीच्या मोठ्या रचनेचे, साधारण चार भाग असतात, टाळ्या चौथ्यानंतरच. दाद देत ऐकायची सवय असलेल्या माणसाला ही शिक्षाच आहे, पण करणार काय.

भाच्याने तिकिटं काढली होती वाद्यवृंदाच्या मागची. "मामा, स्वस्त आहेत, पण मजा आहे," म्हणाला. खरंच होती. संचालकाचा चेहरा समोर दिसतो, बैठकीत गवई दिसावा तसा. कार्यक्रमात ब्राम्स या संगीतकाराची चौथी सिंफनी होती. ब्राम्स याच शहरात १८३३ साली जन्मला. त्या रचनेत तीन ट्रॉम्बोनवाले (ट्रॉम्बोन म्हणजे लांब नळीचं पितळी फुंकवाद्य) पहिले तीन भाग नुसते बसून असतात. आमच्या पुढेच होते. एकाने मांडीवर रुमाल पसरला, नळी पुसली, परत ठेवली. चौथा भाग सुरू झाला आणि तिघांनी एकदम वाद्यं उचलली.

या चौथ्या भागात आठ मात्रांच्या नव्हे, आठ मापांच्या (माप म्हणजे काही मात्रांचा एक गट, इंग्रजीत 'बार') एका लहान धुनेवर ३० रूपं बांधली आहेत. सूरसागरासमोरच्या म्युझिक कॉलेजात तबला शिकताना लेहऱ्याबरोबर, म्हणजे तबल्याच्या साथीला पुन्हा पुन्हा वाजणाऱ्या धुनेबरोबर, तास न् तास बसलो होतो, त्यामुळे धागा लगेच सापडला. धून खाली फिरतेय, वर कायदा, म्हणजे तबल्यावरची विस्तार करत न्यायची रचना, बदलतोय. पाश्चात्त्य संगीत कळत नाही म्हणून बिचकणाऱ्यांनी जायच्या आधी हा एकच भाग यूट्यूबवर दोनदा ऐकून जावं.

मागच्या जागांचा सल्ला मात्र वाद्यसंगीतापुरताच. माणसाच्या गळ्यातला आवाज मुख्यतः समोरच्या दिशेला जातो. जानेवारी २०१९ मध्ये योनास काउफमान या नामांकित गायकाच्या कार्यक्रमात मागे बसलेल्यांना गाणं नीट ऐकू येईना. लोक तक्रार करत उठले आणि वर्तमानपत्रांतून खूप चर्चा झाली. गायन असेल तर समोरचीच जागा घ्या, नाहीतर जाऊ नका.

सभागृहातल्या ऑर्गनकडेही, म्हणजे हवेवर वाजणाऱ्या नळ्यांच्या भल्यामोठ्या वाद्याकडे, जाऊन या. बॉनच्या क्लाईस कंपनीने बांधलेला, ४,७६५ नळ्यांचा. खुर्च्यांमागच्या काही नळ्यांना हात लावता येतो, त्यासाठी त्यांवर खास लेप दिलाय. मध्यंतरात मी लावून बघितला, गार होत्या.

तिकिटांबद्दल. व्हिसा हातात पडल्यावर शोधायला लागलात तर मोठ्या वाद्यवृंदांचं काहीच मिळणार नाही. हंगामाचं वेळापत्रक आधी जाहीर होतं, तेव्हाच बघा. तेही हुकलं तर त्या दिवशी संध्याकाळी खिडकीवर जाऊन परत आलेली तिकिटं विचारा. फक्त गाइडबरोबरचा फेरफटका घेणार असाल तर आधी चौकशी करा, तालीम चालू असली की मोठं सभागृह दाखवत नाहीत. कपड्यांचा बाऊ नको, जीन्सवाले आणि सूटवाले शेजारी शेजारी बसतात.

जेवणाचं आधी ठरवून ठेवा. मध्यंतरात खायला काही मिळालं तरी पोट भरत नाही, आणि शाकाहारी माणसाने बंदरावरच्या मासळीच्या पावांकडे बघून उसासाच टाकायचा. सहाच्या सुमारास खाऊन निघा. रात्री भूक लागलीच तर बाऊमवाल स्टेशनवरून यू-३ ही मेट्रो पकडा, पहिली गाडी खचाखच भरलेली असते ती सोडा, आणि चौथ्या स्टेशनवर, स्टर्नशान्झेला उतरा. तिथल्या गल्ल्यांत उशिरापर्यंत फलाफल मिळतं, तिखट सॉस मागून घ्या.