सहावा रकाना

दर रविवारी कोणी ना कोणी विचारतंच. गेल्या महिन्यात तिघांनी विचारलं: एक निवृत्त कर्नलसाहेब, एक माझी भाची आणि एक बाई, ज्यांची माझी ओळख जेमतेम दहा मिनिटांची. "वहिनी, माजी सैनिकांसाठी गच्चीवर इतकी वर्षं हे चालवताय, सरकारी निधी का घेत नाही?" विचारण्यात कौतुक असतं आणि कौतुकाखाली थोडी शंका असते. एक तर ही बाई फार तत्त्वाची असणार, नाहीतर हिला अर्ज भरता येत नसणार.

अर्ज मला भरता येतो. एकतीस वर्षं महापालिकेच्या शाळेत काढली आहेत. जनगणना, पटपडताळणी, खिचडीचा हिशेब, सगळे तक्ते याच हाताने भरलेत. आणि तत्त्वाचं म्हणाल तर घरात येणारी पेन्शन सरकारची, ह्यांच्या गोळ्या ईसीएचएसच्या, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या, तेल-साबण कॅन्टीनचं. सरकारच्या पैशाचा मला विटाळ नाही. सात डिसेंबरला ध्वजदिनाचा डबा वर्गावर्गातून मीच फिरवायचे. टाचणीने खिशाला लावायचा तो इवलासा झेंडा द्यायचा आणि पोरांकडून रुपया-दोन रुपये घ्यायचे. १९४९ पासून हे चाललंय. हे पैसे कुणासाठी, ते मी मुलांना समजावून सांगायचे, आणि तो 'कुणासाठी'मधला माणूस माझ्याच घरात पहाटे चारला उठून बिल्डिंगभोवती फेऱ्या मारत असायचा. पार्किंगमधल्या एकेका स्कूटरचं लॉक ओढून बघायचं, पाण्याच्या टाकीमागे बॅटरी मारायची, मग वर येऊन अंघोळ. काश्मीरमध्ये अतिरेक्यांशी लढणाऱ्या राष्ट्रीय रायफल्समध्ये दोन टेन्युअर काढलेल्या ह्या माणसाला शेजारी 'शिस्तीचे' म्हणायचे. मीही म्हणायचे.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: पुण्याजवळ दिघीला आमच्या गच्चीवर पत्र्याची शेड आहे. रविवारी चार वाजता तिथे माजी सैनिक जमतात. चहा, पोहे, बोलणं. कधी नुसतंच बसणं. याला उपचार म्हणत नाहीत हे मलाही कळतं. पण दवाखान्यात जायला तयार नसलेली माणसं इथे येतात, आणि त्यातली काही वर्षभराने का होईना दवाखान्यातही जातात. एवढंच.

आता कागदाविषयी. फौजेत तब्येतीची पाच इंग्रजी अक्षरं असतात, त्यांचा मिळून 'शेप' होतो. पहिलंच अक्षर 'एस', ते मनासाठी. शेप-वन असाल तर सगळं सुरळीत. नाहीतर 'कॅटेगरी लागली' म्हणतात, आणि कॅटेगरी लागलेल्या माणसाकडे युनिटमधले कसे बघतात ते त्यालाच विचारा. ह्यांनी कुपवाड्याहून आल्यावर झोपेचं डॉक्टरला सांगितलं नाही, कारण पुढच्या वर्षी नायब सुभेदारी होती. निवृत्तीच्या मेडिकल बोर्डातही सांगितलं नाही. ज्यांनी सांगितलं, त्यातल्या काहींच्या कागदावर एकच वाक्य आलं: आजार सेवेमुळे झालेला नाही, सेवेमुळे बळावलेलाही नाही. अपंगत्वाची पेन्शन तिथेच अडते. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने धर्मवीर सिंग यांच्या खटल्यात याच्या उलट बाजूने कौल दिला. भरतीच्या वेळी ज्याची नोंद नव्हती असा आजार पुढे निघाला, तर तो नोकरीमुळे झाला असंच सर्वसाधारणपणे धरायचं. आमच्याकडे एक हवालदार या निकालाची झेरॉक्स पिशवीत घालून फिरतात. निकाल पाठ आहे त्यांना. पण गच्चीवर पहिल्यांदा आले तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, "इथे रजिस्टरवर सही करावी लागते का?"

शिवाय हे पुणं. इथे "याला येरवड्याला पाठवा" एवढं म्हटलं की माणसाचा निकाल लागतो. शंभरावर वर्षांचं ते मनोरुग्णालय, किती जणांना माणसात आणलं असेल त्यांनी, पण नाव घेतलं की हशाच. दुसरीकडे खडकीला कमरेखाली लुळ्या झालेल्या जवानांचं पॅराप्लेजिक सेंटर आहे १९७४ पासूनचं, अपंग जवानांना काम शिकवणारं क्वीन मेरीज तर १९१७ चं. तिथे कुणी हसत नाही. चाकाची खुर्ची दिसते, देणगी देणाऱ्याला तिच्यासोबत फोटोही काढता येतो. आमच्या गच्चीवर फोटो काढण्यासारखं काही नाही. पोह्यांचं पातेलं काढा हवं तर.

एवढं सगळं माहीत असूनही मी अर्ज केला होता. हे कर्नलसाहेबांना माहीत नव्हतं. २०१८ च्या पावसाळ्यात केला.

केला कारण माझा तेव्हा विश्वास होता, आणि तो मी चारचौघांत बोलून दाखवला होता. माजी सैनिकांच्या एका मेळाव्यात उभी राहून म्हणाले होते, "हे हक्काचे पैसे आहेत, भीक नाही. मागितलेच पाहिजेत." टाळ्या पडल्या होत्या. कल्याणाच्या योजनांची जी यादी माझ्या हातात होती, तिच्यात मुलीच्या लग्नाला मदत होती, मुलांच्या शिक्षणाला होती, पेन्शन नसलेल्या म्हाताऱ्यांना होती. एकेकट्या माणसाला, डिस्चार्ज बुक बघून. चार जणांनी एकत्र बसण्याला काही नव्हतं. मग एका कार्यालयात कळलं की संस्थांसाठी एक अनुदान आहे, त्यात बसवता येईल. संस्थेची नोंदणी झाली, संस्थांच्या सरकारी दर्पण पोर्टलवर नाव चढलं, लेखापरीक्षण झालं. माझ्या मुलीने सगळं स्कॅन करून दिलं.

लाभार्थ्यांच्या यादीचा तक्ता होता. अनुक्रमांक, नाव, सेवा क्रमांक, मोबाईल, पत्ता, आजाराचे स्वरूप. सहावा रकाना मी कोरा ठेवला होता. टेबलावरचे गृहस्थ वाईट नव्हते, त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाले, "मॅडम, आजार नाही तर लाभार्थी कसा? वर विचारतील मला." त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच विचारलं असतं. पटावर नाव आहे आणि इयत्ता लिहिलेली नाही, असं चाललं असतं का मला?

घरी आले. भाकरी करायच्या होत्या, त्या राहू दिल्या. जेवणाच्या टेबलावर बसून मी तो रकाना भरला. बावीस नावं. झोप न येणे. दारू. चिंता. चिडचिड. यातलं एकही निदान मी करू शकत नाही, मी काही डॉक्टर नाही. मुलांच्या प्रगतिपुस्तकात शेरे लिहितात तसं लिहीत गेले. आठव्या नावाला थांबले.

त्यांना आम्ही 'रेडिओ' म्हणत होतो. सिग्नल्समधले, म्हणजे फौजेत वायरलेस सांभाळणारे. आणि बोलायचे सगळ्यांत कमी, म्हणून ते नाव जास्तच बसलं. बँकेच्या कॅश व्हॅनवर गनमन होते, स्वतःच्या लायसन्सची बारा बोर बंदूक. सव्वा वर्ष ते येत होते आणि सव्वा वर्षात हवामान नि बसचे नंबर याखेरीज काही बोलले नव्हते. मग एका रविवारी पाऊस फार होता, चौघेच आले होते, पत्र्यावर इतका आवाज की शेजारच्याचं ऐकू येईना. त्या आवाजात ते बोलले. बहुतेक ऐकू जाणार नाही म्हणूनच बोलले. १९८७ चा ऑक्टोबर, श्रीलंकेतलं जाफना, आपली शांतिसेना. स्वतः वायरलेस सेटवर मागे बसलेले, पुढे गेलेल्या तुकडीचे आवाज कानात. एकेक आवाज ओळखीचा. मग एकेक कमी होत गेला. शेवटचा जो होता तो काही मागत नव्हता, नुसताच स्वतःचा कॉल साईन, वायरलेसवरचं सांकेतिक नाव, सांगत होता, पुन्हा पुन्हा. यांनी उत्तर दिलं, पुन्हा पुन्हा दिलं. त्याला ते पोचत होतं की नाही, हे यांना अजून माहीत नाही. घरी ते रेडिओ, टीव्ही काही लावत नाहीत. मोबाईलवर कुणी "हॅलो, हॅलो" करायला लागलं की फोन ठेवून देतात.

मी जवळ बसले होते, मला सगळं ऐकू आलं. पोहे निवून गेले होते, ते मी परत गरम केले. दुसरं काय करणार होते?

त्या आठव्या नावापुढे मी लिहिलं: पीटीएसडी. युद्धासारख्या आघातानंतर जडणाऱ्या मनाच्या आजाराचं इंग्रजी नाव. का, तर वजनदार दिसेल. बाकी एकवीस जणांचं घरगुती वाटत होतं, एक तरी नाव कागदाला भार देणारं हवं, असा हिशेब केला मी. शिक्षिकेचा हिशेब, तपासणीला साहेब आले की हुशार पोराला पुढे बसवायचं.

अनुदान मंजूर झालं. पहिला हप्ता आला. तो येण्याआधी तपासणी होती आणि लाभार्थ्यांनी हजर राहायचं होतं. निरोप सगळ्यांपर्यंत लवकर पोचावा म्हणून कुणीतरी त्या यादीचा फोटो काढून माजी सैनिकांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. सोबत मजकूर: खालील लाभार्थ्यांनी वेळेवर उपस्थित राहावे. कुणी टाकला ते मला कळलं आहे, आणि त्यात द्वेष नव्हता हेही कळलं आहे. सहाच्या सहा रकाने स्पष्ट वाचता येत होते. माझं अक्षर चांगलं आहे.

सिक्युरिटी एजन्सीचा सुपरवायझर त्या ग्रुपवर होता. तोही फौजीच. त्याची बाजू मी मनातल्या मनात त्याच्यापेक्षा जास्त वेळा मांडली असेल: शस्त्र कायद्यात मन ठिकाणावर नसलेल्या माणसाला लायसन्स नाकारता येतं, दिलेलं काढून घेता येतं. उद्या व्हॅनवर काही झालं तर पहिला प्रश्न त्याला. महिन्याच्या आत रेडिओंची ड्युटी बदलली. एका सोसायटीच्या गेटवर, हातात शिट्टी आणि गाड्यांचं रजिस्टर. पगार कमी. कारण कुणी सांगितलं नाही, त्यांनी विचारलं नाही.

ते एका मंगळवारी आले. जिन्यातच उभे राहिले. मागे कधीतरी मी लोणचं दिलेली बरणी धुऊन आणली होती, ती दिली. म्हणाले, "वहिनी, मी तुम्हाला सांगितलं होतं." मला वाटलं पुढे काही बोलतील. चपला घातल्या आणि गेले. हे आतल्या खोलीत होते, सगळं ऐकलं त्यांनी, बाहेर आले नाहीत. रात्री जेवताना म्हणाले, "रकाना रिकामा ठेवायचा होतास." मी म्हटलं, "तुम्ही तुमचा रिकामा ठेवलात, त्याने काय भलं झालं?" त्यानंतर दोन दिवस आमचं बोलणं नव्हतं.

नंतर मी २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा वाचून काढला. कलम २३, गोपनीयता. हक्क रुग्णाला दिलाय, जपण्याचं कर्तव्य उपचार करणाऱ्यांवर टाकलंय. मी उपचार करणारी नाही, मी चहा करणारी. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने मी सुटले असावे. याचा आनंद मानायचा की काय, ते अजून कळलेलं नाही.

पुढचा हप्ता मी मागितला नाही. उरलेली रक्कम परत केली, उपयोगिता प्रमाणपत्र जोडून. तेव्हापासून वर्गणी, आणि माझी पेन्शन.

आता तुम्ही म्हणाल, बाईचं बरोबर आहे. थांबा. त्या पहिल्या हप्त्यातून आठ महिने एक प्रशिक्षित मुलगी येत होती, मानसोपचारातली समाजसेविका. तिच्यामुळे दोघांनी दारू सोडली, एकाने गोळ्या सुरू केल्या. पैसे परत केले आणि ती यायची थांबली; फुकटात ती तरी किती दिवस येणार? त्या दोघांतला एक परत प्यायला लागला. त्याची बायको माझ्याकडे आली होती. तिने मला काही विचारलं नाही, पण विचारलं असतं तर मी काय रेडिओंचं नाव पुढे केलं असतं? एकाच्या लाजेसाठी मी दुसऱ्याचं औषध बंद केलं, असाही हिशेब मांडता येतो. रात्री मी तोच मांडते.

आणि मेळाव्यातली ती मी अजून गप्प बसत नाही. म्हणते, तू यादी दिली नाहीस म्हणून आकडा नाही, आकडा नाही म्हणून तरतूद नाही. मला एका अधिकाऱ्यांनी तोंडावर सांगितलंय, "मागणी कागदावर दाखवा, मग बघू." खोटं नाही ते. बावीस माणसं लपवून मी बावीसशेंचं नुकसान करते आहे का? मी तिला सांगते, नावाऐवजी नुसते आकडे घ्या, सहावा रकाना डॉक्टरकडे ठेवा, सरकारने फक्त किती जण बसले ते मोजावं. ती म्हणते, मग बोगस याद्या येतील, बाई, तू पटपडताळणी केली आहेस. केली आहे. पटावरची न जन्मलेली पोरं मी या डोळ्यांनी पाहिली आहेत.

१ डिसेंबर २०२३ ला इथेच, एएफएमसी या सैन्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात, सैन्यदलं आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी फोनसेवेचा, खास कक्ष सुरू झाला. माझा भरवसा किती ते विचारू नका, पण १४४१६ हा नंबर मी गच्चीच्या दाराला चिकटवला आहे. दोघांनी लावला. एकाने दोन मिनिटांत ठेवला, एक जण पाऊण तास बोलला आणि खाली येऊन दुसरा चहा मागितला. रेडिओ असते तर त्यांनी फोन लावलाच नसता. समोरून "हॅलो" येणार ना.

कर्नलसाहेबांनी परवा एक नवीन अर्ज पाठवला आहे. ऑनलाईन आहे. मुलीने भरायला घेतला; आजाराच्या रकान्यापुढे लाल चांदणी आहे, तो भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. तिने अर्धवट जतन करून ठेवला आणि विचारलं, "आई, पंधरा दिवस राहील हा असाच. काय करू?"

या रविवारी अठरा जण आले. खुर्च्या चौदा आहेत. चौघे कठड्याला टेकून उभे होते. त्यातला एक नवीन आहे, अजून नाव सांगितलेलं नाही त्याने.